मला कोणी शास्ता नव्हता

शास्ता म्हणजे शिक्षा करणारा. पण आमच्याकडं हा शब्द निघतो तो बहुतेक असा कोणी नसतो तेव्हाच. पोरगं दिवसभर गल्लीत उंडारलं की बाया म्हणायच्या, "कोणी शास्ता राहिला नाय त्याला." माझी आई फुलंब्रीच्या शाळेत बाई होती आणि चाळीस पोरांची शास्ता होती. एक मला सोडून.

आम्ही दोघी रोज सकाळच्या एसटीनं शहरातून फुलंब्रीला जायचो. मी तिच्याच वर्गात. बाई स्वतःच्या पोरीला झुकतं माप देतात असं कोणी म्हणू नये, म्हणून माझी वही ती शेजारच्या वर्गातल्या सरांकडं तपासायला द्यायची. मला तिची शाबासकी नाही आणि शिक्षाही नाही. एकदा मी मुद्दाम गृहपाठ केला नाही. बाकीच्यांना आईचा नियम लागला: एका चुकीला दोन पट्ट्या, आधी उजव्या हातावर, मग डाव्यावर. माझ्यापाशी आली आणि म्हणाली, "तू सरांकडं जा." सर हसले आणि मला सोडून दिलं.

वर्गात एक आईविना पोर होती. तिला मात्र आई शाळा सुटल्यावर थांबवून घ्यायची, कान पिळायची, दहा-दहा पानं शुद्धलेखन काढून घ्यायची. "तिला घरी कोणी शास्ता नाही, मग मी नको का?" म्हणायची. मी दप्तर मांडीवर घेऊन पायरीवर बसायचे आणि जळायचे. देवाशप्पथ, तिचा लालबुंद कान बघूनसुद्धा जळायचे!

आता ती पोर मुख्याध्यापिका आहे. आईच्या वाढदिवसाला दरवर्षी येते. दारातच कान पकडून "बाई, काही चुकलं का?" म्हणते आणि आई अशी खुलते, काय सांगू! औषधं मी देते, पाय मी चेपते, अंघोळ मी घालते. खुलायचं मात्र तिच्यासाठी.

यंदा तिचा फोन आला तेव्हा मी ठोकून दिलं, "आई गावाला गेलीय, येऊ नकोस." इकडं आई नवी साडी नेसून दुपारपासून खुर्चीत बसलेली. चहा गार झाला, दिवेलागण झाली. "क्रांती चौकात गर्दीत अडकली असेल," ती स्वतःशीच म्हणाली. मला राहवेना. सगळं सांगून टाकलं.

"का गं?"

"ती आली की मी तुला दिसतच नाही, म्हणून!"

आईनं चष्म्याची डबी उचलली.

"हात पुढं कर."

बावन्नाव्या वर्षी मी उजवा हात पुढं केला. डबी तळहाताला जेमतेम लागली.

"आता लाव तिला फोन," म्हणत ती डबी खाली ठेवू लागली.

"थांब आई," मी म्हणाले आणि डावा हात पुढं केला.