एक प्रजाती कमी झाली त्याची गोष्ट

गेल्या रविवारी इब्रामपूरला मावशीकडे जेवायला गेले होते. पोटात भुकेपेक्षा भीती जास्त होती... कारण काकांना एक वाईट बातमी द्यायची होती.

मी पतंगांवर पीएचडी करते. संक्रांतीचे नव्हेत, दिव्यावर झेपावणारे. एका संग्रहालयाने मोझांबिकहून पूर्वी कधीतरी आणलेल्या पतंगांची पेटी मला अभ्यासाला दिली होती. त्यात लहान काळपट पतंगांना एक शास्त्रीय नाव, मोठ्या पांढुरक्यांना दुसरं. त्या काळपटांत एखादी नवीन प्रजाती निघेल अशी मला फार आशा होती.

ही आशा मी चुकून काकांसमोर बोलून दाखवली. काका म्हणजे मावशीचे यजमान, डिचोलीला खाणीवर ट्रक चालवून निवृत्त झालेले. नवीन प्रजातीला माणसाचं नाव देता येतं हे कळल्यावर त्यांनी लगेच स्वतःचं सुचवलं... आणि बाजारात सांगूनही आले. आफ्रिकेचा पतंग, नाव काशिनाथी!

पानं वाढली, सुंगटांचं हुमण, म्हणजे कोळंबीची आमटी, आलं. काकांनी विचारलं, "काय गो, माझ्या पतंगाचं कुठवर आलं?"

मी धीर करून सांगून टाकलं. सूक्ष्मदर्शकाखाली तपासलं तर सगळे काळपट निघाले नर आणि सगळ्या पांढुरक्या माद्या. डीएनएचा रिपोर्टही तेच म्हणाला. जुन्या शास्त्रज्ञांनी नवरा-बायकोलाच दोन प्रजाती समजून दोन नावं दिली होती! नवीन प्रजाती शोधायला गेले आणि होत्या त्यातली एक कमी करून आले...

काकांचा घास हातातच राहिला. मावशीचे डोळे मात्र चमकले. "मग आता नाव कोणाचं राहणार?"

"आधी दिलेलं टिकतं, असा नियम आहे. मादीचं आधीचं होतं. नराचं रद्द."

"म्हणजे घोवानं बायलेचं नाव घेतलं?" मावशी इतकी हसली की तिला ठसका लागला. शेवटी काकांनीच पाण्याचा पेला पुढे केला.

डोळे पुसत ती सहज म्हणाली, "माझं नाव मंजुळा गो. लग्नात ताटातल्या तांदळांवर अंगठीनं शालिनी लिहिलं. मला कोणी विचारलं पण ना."

मी जन्मापासून तिला शालूमावशी म्हणते, आईसुद्धा शालूच म्हणते. मला हे माहीतच नव्हतं! काका मान खाली घालून कोरडा भातच कालवत बसले.

मग घसा खाकरून म्हणाले, "मंजुळे... हुमण वाढ गो थोडं."

मावशी चक्क लाजली. या वयात! अर्धं हुमण पानात पडलं, अर्धं काकांच्या मांडीवर. काकांनी हसतच मांडी पुसली.

माझ्या नावावर नवीन प्रजाती काही लागली नाही. पण परतताना बसमध्ये एकटीच हसत होते... इतकं उपयोगी संशोधन माझ्या हातून पुन्हा होईल असं वाटत नाही.