खिशातले तीन फ्यूज

शेवटचं पोस्टिंग उत्तरेकडच्या एका लष्करी ठाण्यावर होतं. जनरेटर एक, फेज तीन. कुकहाउस, हिटर आणि सिग्नलची खोली यांचा लोड तिन्ही फेजवर सारखा ठेवणं हे माझं काम. मी हवालदार, जोडीला नाईक समाधान इंगळे. खांबावर चढणाऱ्यानं तिन्ही फ्यूज काढून स्वतःच्या खिशात ठेवायचे आणि वर तारांना अर्थिंगची चेन लावायची, म्हणजे चुकून वीज आली तरी ती जमिनीत जाते, हा नियम. फ्यूजची जागा रिकामी दिसली की वर माणूस आहे, हे स्वयंपाक्यालाही कळायचं. त्यामुळे तिथे कुणाला उभं करावं लागत नसे.

निवृत्तीनंतर समाधान सोनाळ्याजवळच्या आमच्या गावात कंत्राटी लाइनमन झाला. इथे व्होल्टेज पडलं की लोक आपली वायर स्वतःच चांगल्या फेजवर टाकत. मग तोही फेज बसायचा. त्या मे महिन्यात लाल फेजवर ११८ अँपिअर, पिवळ्यावर ३१, निळ्यावर २४ होते. लालवरच्या घरांत पंखे जेमतेम फिरत. निळ्यावर बल्ब उडत. काही वायरी हलवून लोड सारखा करायचं ठरलं. मीही निवृत्त होऊन गावातच होतो, मोजमापाला सोबत गेलो.

सकाळी १०.१० ला समाधाननं डीपीच्या, म्हणजे गावच्या ट्रान्सफॉर्मरच्या, पेटीतून तिन्ही फ्यूज काढले.

"उस्ताद, खिशात."

"अर्थिंगची चेन?"

"कंत्राटदारानं देलीच नाही. मागतली त म्हणते, लढाईवर जाऊन राह्यला का बे?"

"चढ."

पुढच्या खांबावरच्या वायरी मोजायला मी डीपी सोडून गेलो.

१०.३५ ला डीपीशेजारी राहणारे किसनभाऊ पेटीपाशी आले. त्यांच्या घराच्या लाल फेजची जागा रिकामी होती. त्यांनी तिथे तांब्याची तार अडकवली.

समाधान ओरडला नाही. मी वळून पाहिलं तेव्हा तो बेल्टला लटकत होता.

"मले वाटलं फ्यूज जळला," किसनभाऊ पोलिसांना म्हणाले. "आमी नेहमीच तार टाकतो, साहेब."

ते खरं बोलत होते.

उरलेल्या वायरी तिसऱ्या दिवशी दुसऱ्या लाइनमननं बदलल्या. लाल ५९, पिवळा ६१, निळा ५८. आठवड्यानं मी पुन्हा मोजलं. पिवळा ९४. त्या फेजवर पंखे जोरात फिरतात, असं गावात समजलं होतं.

कंत्राटदारानं कागदावर लिहिलं: कामगाराचा निष्काळजीपणा. अंत्ययात्रेला बिगुल नव्हता. युनिटच्या स्मारकावर त्याचं नाव येणार नाही.

खामगावच्या दवाखान्यात त्याच्या वस्तू मीच सही करून घेतल्या. पाकीट, घड्याळ, पक्कड. आणि तिन्ही फ्यूज.