सेतूरावानं न शिवलेली अक्षरं

कुंभकोणच्या बाजारात सेतूराव शिंप्याचं दुकान होतं. घरात मराठी, उंबऱ्याबाहेर तमिळ. माणूस आडदांड, पण सुईत दोरा ओवताना जीभ बाहेर यायची. जवळच्या साक्कोट्टै गावच्या शेतमजुरांच्या संघाचे लाल बावटे तोच शिवायचा. जमीनदाराच्या माणसांनी एकदा दुकानाच्या फळ्या फोडल्या, तर गड्यानं सताड उघड्या दुकानात बसून आणखी बावटे शिवले.

एकोणीसशे छप्पन साली रशियन क्रांतीच्या दिवसाची मिरवणूक ठरली. फलकासाठी त्यानं लाल कापड बेतलं. घरची रीत अशी, की कात्री विठोबाच्या पायाला टेकवून कापडाला लावली, म्हणजे काम पत्करलं. ते मग टाकायचं नाही.

तेवढ्यात रेडिओवर बातमी आली. हंगेरीतले कामगार आपल्याच जुलमी सरकारवर उठले होते. झेंड्यातलं सरकारी चिन्ह कापून भोकाचा झेंडा मिरवत होते. त्यांच्यावर रशियानं रणगाडे घातले.

संघाचा सेक्रेटरी पद्मनाभ फलकावर शिवायचा मजकूर घेऊन आला : हंगेरीला वाचवणाऱ्या लाल सेनेला सलाम.

"हे मी शिवायचा नाही," सेतूराव म्हणाला.

"का रे? तिथल्या सरकारनंच मदत मागितली."

बाकावर वकिलाचा कारकून सुंदरेश बसला होता. त्यानं काडी घातली, "मग अमेरिकेनंही पलटण धाडावी. तीही मदतच की!"

"तू गप," सेतूराव त्याला म्हणाला. "आमचे वाडवडील इथल्या नायक राजाला गादी मिळवून द्यायला म्हणूनच तंजावरात फौज घेऊन शिरले. गेले का परत? हा काय, मी बसलोय इथं!"

"मग हंगेरीतल्या त्या पोरांनी नुसतं मरायचं?" सुंदरेशनं विचारलं.

सेतूरावाचं मशीन थांबलं. "ते मला ठाऊक नाही. मारणाऱ्याला सलाम शिवायचा नाही, एवढं ठाऊक आहे."

"मग संघाचं काम दुसरीकडं जाईल," पद्मनाभ म्हणाला. "मिरवणुकीतही येऊ नकोस."

"मिरवणूक मजुरांची आहे. तुझ्या घरचं लग्न नव्हे."

पद्मनाभ गेला तशी त्याची बायको गंगाबाई आतून आली. "कापलेलें कापड टाकणार काय आतां? विठोबा पाहत अस्से."

"टाकतो कुठं?"

त्यानं चारी कडा दुमडल्या, दोन बाजूंना काठ्या ओवायला घरं केली. अक्षर एक नाही.

मिरवणुकीच्या दिवशी तो फलक घेऊन शेवटच्या रांगेत उभा राहिला. एकट्याला धरवेना. साक्कोट्टैची मजूर अलमेलु पुढून मागं आली.

"काय लिवलंय यावर?"

"काही नाही."

"बरं झालं. मला वाचता कुठं येतंय?" तिनं दुसरी काठी खांद्याला लावली.

पद्मनाभ पुढून हात हलवून मिरवणुकीतून हटा म्हणत होता. सेतूरावानं पाऊल पुढं टाकलं.