साडेतीन वाजताचं ऊन

अमरावतीच्या आमच्या एफएम स्टेशननं किती सोंगं बदलली! मी लागलो तेव्हा श्रोत्यांची पत्रं वाचायचो. अचलपूर-परतवाड्याची निम्मी मंडळी मला अक्षरावरून ओळखू यायची. मग फोन आले. गाणी कमी, गप्पा जास्त. मग मालक बदलले आणि फर्मान निघालं: निवेदकानं दिवसभराचं बोलणं सकाळीच भरून ठेवायचं, पुढचं कॉम्प्युटर पाहील. फक्त ऐकणाऱ्याला ते ताजं वाटलं पाहिजे.

ताजं वाटवण्यात माझा हात कोणी धरू शकत नव्हतं. त्या फेब्रुवारीत एकदा सकाळी दहालाच मी माइकसमोर म्हणालो, "आत्ता बरोब्बर साडेतीन वाजलेत, ऊन कसं कडक पडलंय! वाळवणं अंगणात टाका अन् निवांत गाणी ऐका." आणि दुपारी मित्राच्या साखरपुड्यासाठी अकोल्याची एसटी पकडली.

मूर्तिजापूरच्या पुढे पश्चिमेकडून आभाळ काळं होऊन आलं. बघता बघता टपावर गारा वाजू लागल्या. ढग मागे, बडनेऱ्याच्या अंगाला सरकत होते, आणि तिकडंच माझ्या मामीचं गाव. अंगणात सगळी तूर पसरलेली, मामा बाहेरगावी, मामी एकटी. माझा मोबाइल बंद पडलेला. कंडक्टरचा मागून घेतला.

"मामी, मी बोलून राहिलो. तूर झाका, गारा येऊन राहिल्या!"

"कोण होय रे तू?"

"तुमचा भाचा!"

"खोटं नको बोलू. भाचा इथं रेडिओवर बोलून राहिला. ऊन आहे म्हणते."

"मामी, ते सकाळीच भरून ठेवलं होतं!"

"मले येडी समजतं काय? तो म्हणते साडेतीन वाजले, अन् घड्याळातबी साडेतीनच वाजले."

मागून माझाच गोड आवाज ऐकू येत होता, मलाच खोटं पाडत. मामी आता फोन ठेवणार. मी भर गाडीत ओरडलो, "नववीत मी तुमच्या न्हाणीत बिडी ओढून चक्कर येऊन पडलो होतो! तुमी मामाले सांगितलं नाही. दुसऱ्या कोणाले माहीत आहे काय हे?"

अख्खी गाडी वळून माझ्याकडे पाहू लागली. तिकडून "अगं माय!" एवढंच आलं, मग धावत्या पावलांचा आवाज, मग काहीच नाही.

कंडक्टर मोबाइल परत घेत म्हणाला, "आता साऱ्या डेपोले माहीत झालं, साहेब."

साखरपुड्यात मिळेल त्याच्या मोबाइलवरून मामीला फोन लावत राहिलो. संध्याकाळी कळलं, निम्मी तूर वाचली, निम्मी भिजली.

रविवारी ती भिजलेली तूर पसरायला गेलो. मामीनं चहा दिला, रेडिओचं नाव काढलं नाही. पोतं उलटं करायच्या आधी फक्त विचारलं, "कसं आहे रे आभाळ?"

मी अंगणाच्या मधोमध जाऊन चारी दिशा पाहिल्या. तरीही सांगायला जीभ उचलेना.