भाभींना कळवायचं राहिलं

बरं न होणाऱ्या दुखण्यातल्या माणसांच्या घरी जाऊन त्यांचे शेवटचे दिवस जरा सुखाचे करायचे, हे बीडमधल्या आमच्या केंद्राचं काम. डॉक्टर आणि नर्स पगारी. रुग्णाजवळ बसायला, दोन शब्द बोलायला स्वयंसेवक. या सगळ्यांना सांभाळायचं काम माझं. सांभाळणं म्हणजे याद्या करणं, अशी माझी बरीच वर्षं ठाम समजूत होती.

आमच्या स्वयंसेविकांत एक मुसलमान भाभी आहेत. नवऱ्याचा फळांचा गाडा. तेव्हा दर गुरुवारी त्या एसटीनं चौसाळ्याला जायच्या, तोंडाचा कॅन्सर झालेल्या एका आजींकडे. आजींना बोलता येत नव्हतं. भाभी त्यांच्या डोक्याला तेल लावायच्या, वेणी घालायच्या आणि दोघींच्या वाटणीचं एकट्याच बोलायच्या.

एका शुक्रवारी भाभींचा नवरा आला आणि आमची पिशवी, ओळखपत्र टेबलावर ठेवून निघून गेला. माझं डोकंच फिरलं. लगेच फोन लावला. "भाभी, काम सोडायचं तर आधी कळवायला नको का?"

"तुमी कळवलं का?" त्या म्हणाल्या.

आजी मंगळवारी गेल्या होत्या. मी डॉक्टरांना कळवलं होतं, उरलेली औषधं परत मागवली होती, यादीतलं नाव खोडलं होतं. भाभींना सांगायचं राहूनच गेलं होतं.

"राख सावडून माणसं दारात बसलती," भाभी सांगत होत्या. "मला वाटलं पाव्हणे आलेत. हसतच आत गेले. आजी कुठं हाय म्हणून इचारलं, तर समदे माझ्या तोंडाकडं बघाय लागले. लई शरम वाटली, ताई." आणि फोन बंद झाला.

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. दुसऱ्या दिवशी सकाळी उठून पिठलं-भाकरी केली. मयताच्या घरी चूल पेटत नाही, शेजारपाजारचे डबा नेतात. आमच्यातही आणि त्यांच्यातही. भाभींच्या घरचं कुणी गेलं नव्हतं, म्हणून त्यांच्याकडे कुणी डबा नेला नव्हता.

डबा बघून त्यांना सगळं उमगलं. "उशीर केलात," म्हणाल्या, पण डबा घेतला. मग हळूच विचारलं, "लई दुखलं का शेवटाला?"

"नाही. औषध लागू पडलं होतं. सकाळी सुनेनं चमच्यानं चहा पाजला, त्यानंतर गेल्या."

"गिळला चहा?"

"दोन चमचे."

त्यांनी पदर तोंडाला लावला. मग म्हणाल्या, "येईन मी. पण पुढच्या टायमाला पयले मला सांगायचं. डॉक्टरच्या बी आधी."

पुढं दोनेक महिन्यांनी मांजरसुंब्याचे एक काका गेले. भाभी त्यांच्याकडे जायच्या. नर्सचा फोन आला तसा मी आधी भाभींना लावला. त्यांनी ऐकून घेतलं. मग, "जवळ हाय का कुणी त्यांच्या?"

"आहे," म्हटलं, तशा त्या रडायला लागल्या. डॉक्टरांना कळवायचं होतं, औषधांचं बघायचं होतं, मधेच दुसरा फोन येत होता. मी सगळं राहू दिलं. फोन कानाला धरून बसले, आणि या नोकरीला लागल्यापासून पहिल्यांदा मीही रडले.