गिलावा नसलेली भिंत

फोन आला तेव्हा मी कनेरगाव नाक्यावर चहा पीत होतो. "सर, किसनदादा गेले..." ग्लास तसाच ठेवून निघालो. किसनदादा म्हणजे हिंगोलीच्या आमच्या वाचनालयाचे शिपाई. उभा जन्म त्यांनी त्या दारात काढला.

ही इमारत एका जिनिंगवाल्या शेठजींच्या दानातून उभी राहिली. त्यांनी ट्रस्ट केला आणि मुंबईहून आर्किटेक्ट बोलावला. त्यानं भिंती उघड्या काँक्रीटच्या ठेवल्या, पश्चिमेला जाळी केली. बाहेर ऊन भाजत असतं तेव्हा आत गारवा असतो. पण गावाला हे पटेल तर शपथ! गिलावा नाही म्हणजे ठेकेदार पळाला, हे ठरूनच गेलं. आजही रिक्षावाल्याला 'अर्धवट हॉल' म्हटलं की तो बराबर इथंच आणून सोडतो.

मीही त्याच गावचा. ट्रस्टचा सचिव झालो आणि पहिल्याच दिवाळीला, कुणाला न विचारता, रंगारी लावले. केवढा शहाणपणा! सकाळी येऊन बघतो तर दादा दर्शनी भिंतीला पाठ लावून बसलेले, टोपीवर चुन्याचे ओघळ, आणि रंगारी ताटकळलेले.

"उठा दादा. दिवाळीला घराला चुना मारता ना तुम्ही?"

"सर, हे बांधताना मी इथंच मजूर होतो. काँक्रीट ओतायला ह्या भिंतीच्या फळ्या आमी ठोकल्या. आमची ही पोटुशी होती, तरी घमेली वाहिली तिनं. बघा, फळीची रेघ न् रेघ उठलीय. गाव अर्धवट म्हनतंय, म्हनू द्या. तुमी तर शिकलेले... तुमी काहून झाकून राहिलेत?"

थोबाडीत बसल्यासारखं झालं. रंगारी परत पाठवले. लागलेला चुना दादा काथ्यानं घासत राहिले, पार संक्रांतीपर्यंत. एक काथ्या माझ्याही हातात दिला. घासता घासता इथं फळी सरकली, इथं पावसानं काम थांबलं, असं सांगायचे. इमारत कशी बघायची ते मी त्यांच्याकडून शिकलो. असा माणूस पुन्हा भेटला नाही.

परवा शोकसभेच्या तयारीला एक नवे विश्वस्त आले. दाराशेजारी दादांचं स्टूल आहे. त्यामागं भिंतीवर, रोज डोकं टेकून टेकून, तेलाचा काळपट डाग पडलाय.

"सर, एवढं घासून घेऊ का? लोक येतील..."

"हात तर लावून बघा!" मी इतक्या जोरात ओरडलो की वाचणारे उठून उभे राहिले. मग माझं मलाच रडू आवरेना.

हल्ली वाचनालय बंद व्हायच्या आधी मी त्या स्टुलावर घटकाभर बसतो. पाठ ताठ ठेवतो, डोकं मागं दादांच्या डागावर टेकवत नाही. त्या भिंतीवर एकदा माझा रंग चढवायला निघालो होतो, तेवढं पुरे झालं.