मोठमायचा पावशा

माय गेली तेव्हा मी दीड वर्षाची. बापानं दुसरं घर केलं आणि मला आरमोरीला आपल्या थोरल्या भावाच्या दारात आणून सोडलं. तिथं तरी काय होतं? कण्यांची पेज. तीही आधी माझ्या ताटलीत, उरली तर मोठमायच्या. मोठमाय म्हणजे माझी थोरली काकू. तिला मूलबाळ नव्हतं.

नीट निरखून पाहिल्याशिवाय ती कशालाच नाव देत नसे. एका उन्हाळ्यात शेजारचा सुदामभाऊ आमच्या चिंचेखाली गुलेर ताणून उभा होता. वर राखाडी पाठीचा, पट्ट्यापट्ट्यांच्या शेपटीचा पक्षी.

"शिकरा हाय बाई. कोंबडीची पिल्लं नेईन."

"आधी चोच पाय भाऊ. शिकऱ्याची आकड्यावानी रायते, याची कबुतरावानी हाय. अन् शिकार करनारा असा दुपारभर 'पेरते व्हा' बोंबलत बसन का? पावशा हाय तो. कोनाचं पिल्लू नेत नाई, आपलंच दुसऱ्याच्या घरट्यात टाकते."

"म्हंजे तुमच्या देरावानीच म्हना, या पोरीच्या बापावानी!"

मोठमाय हसली नाही. "लेकरू आयकून राह्यलं," एवढंच म्हणाली.

धान रोवण्याच्या दिवसांत त्याच चिंचेवर सातभाई पक्षी आपल्याहून थोराड पिल्लाला अळ्या भरवताना दिसले. पिल्लू पावशाचं. सुदामभाऊला पुन्हा चेव आला. "पंख फुटले का हे मांगं वळून पाहनार नाई, बाई."

"उडालंच पायजे न! नाई उडालं तं पोसून काय फायदा?" पाहत मात्र ती माझ्याकडे होती.

दहावीनंतर बाप मला न्यायला आला. स्थळ ठरवूनच आला होता. मोठमायनं त्याला पाणी दिलं. "पोरगी शिकून राह्यली. तू जेवून जाय." बस्स, विषय संपला. पुढं तिनंच मला चंद्रपूरच्या कॉलेजात धाडलं. एसटी सुटेपर्यंतही थांबली नाही. "मले रोवण्याले जायचं हाय," म्हणत पाठ फिरवली.

मी शेवटच्या वर्षाला असताना तिला मलेरिया झाला आणि तो डोक्यात चढला. मी दवाखान्यात पोचले. तिनं नेहमीसारखं मला नीट निरखलं.

"कोनाची वं पोरी तू?"

"तुहीच, मोठमाय."

ती पाहत राहिली. ओळख पटली नाही.

"मंग रडून काऊन राह्यली? जेवली नाई का?"

दुसऱ्या दिवशी ती गेली.

मी परीक्षा दिली. बी. ए. झाले. आमच्या घराण्यात पहिली.